शिदोरी आणि विहीर

१५ ऑगस्ट १९९५ या दिवशी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई, दिल्ली अशी मोजकीच शहरं, फोनच्या तारेवरून चालणारं कनेक्शन आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. या वेगाने एक एमबीची फाईल उतरवायला, मध्ये लाईन तुटली नाही तर, साधारण पंधरा मिनिटं लागतात. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा एखादा तीन-चार एमबीचा व्हिडिओ तेव्हा जेवण उरकेपर्यंत पोचला नसता.

दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९९५ ला, आंद्रेआस कोएनिग या जर्मन प्रोग्रामरने ‘सिमडम्प’ नावाचं एक छोटं मॉड्यूल एका नव्या संग्रहात चढवलं. या संग्रहाचं नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल अर्काइव्ह नेटवर्क, थोडक्यात सीपॅन. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेसाठी जगभरच्या लोकांनी लिहिलेलं तयार काम एका जागी ठेवायचं, ज्याला हवं त्याने फुकट न्यायचं. सीपॅनवर चढलेलं ते पहिलं मॉड्यूल, म्हणून पर्लवाले १६ ऑगस्टला सीपॅन दिवस मानतात.

दोन्ही तारखा शेजारी येणं हा योगायोग. पण या लेखाचा प्रश्न त्या दोन तारखांच्या मधेच आहे. तिकडे फिनलंडमध्ये भरलेली विहीर, आणि इकडे आपल्या हातात सेकंदाला ९.६ किलोबिटचा दोर. विहिरीवर भरवसा ठेवून रिकाम्या हाताने निघायचं, की लागेल ते सगळं शिदोरीत बांधून निघायचं? पर्ल लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवून पाहिला. त्यांच्या चुका आणि त्यांचं शहाणपण आज आपल्या खिशातल्या प्रत्येक अ‍ॅपपर्यंत आलेलं आहे.

फॉन्ट दिलाय का?

आधी अडचण काय ते समजून घेऊ. त्यासाठी पर्ल येण्याची गरज नाही. कोल्हापुरातल्या, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही, डीटीपीवाल्याला विचारा.

युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टाईप व्हायचा. लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये लावली, फाईल फ्लॉपीवर घेतली आणि छापखान्यात नेली, की पहिला प्रश्न यायचा, “फॉन्ट दिलाय का?” फॉन्ट त्या मशीनवर नसला तर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं उमटायची. फाईल बरोबर होती. मजकूरही बरोबर होता. पण ती फाईल जिच्यावर विसंबून होती ती गोष्ट घरीच राहिली होती.

अशा विसंबण्याला प्रोग्रामर ‘डिपेन्डन्सी’ म्हणतात. डीटीपीवाल्यांनी त्यावर दोन उपाय काढले होते. एक, फाईलसोबत फॉन्टचं फोल्डरही द्यायचं. दोन, पीडीएफ करायची. १९९३ साली अ‍ॅडोबीने आणलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलच्या पोटातच भरता येतो. मग समोरच्या मशीनवर काय आहे, काय नाही, याची फिकीर उरत नाही.

पर्ल स्क्रिप्टचंही अगदी हेच आहे. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराची फाईल. तुम्ही पन्नास ओळी लिहिता. त्यात वर चार ओळी अशा असतात की ‘मला अमुक मॉड्यूल लागेल, तमुक मॉड्यूल लागेल’. एक मॉड्यूल डेटाबेसशी बोलतं, एक तारखांचा हिशेब करतं, एक एक्सेलची फाईल वाचतं. पर्ल ही मॉड्यूल कुठे शोधायची याची एक यादी बाळगून असतं. यादीचं नाव ‘अ‍ॅट-इन्क’. यादीतलं एकेक फोल्डर धुंडाळून मॉड्यूल मिळालं नाही, तर पर्ल ‘कान्ट लोकेट’ असं म्हणून तिथेच थांबतं. छापखान्यातल्या ‘फॉन्ट दिलाय का’ चा हा पर्लमधला अवतार.

जेव्हा शिदोरी सक्तीची होती

लॅरी वॉल या भाषाशास्त्र शिकलेल्या अमेरिकन प्रोग्रामरने पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला युजनेटवर टाकली. मजकुराच्या ढिगातून हवं ते वेचणं, अहवाल बनवणं, ही त्याची मूळ कामं. त्यात ते इतकं तरबेज निघालं की लोकांना ते सगळीकडे हवंसं झालं, डेटाबेसमध्येसुद्धा.

पण त्या वेळच्या पर्लला बाहेरून नवा अवयव जोडायची सोय नव्हती. सी भाषेतलं काही जोडायचं तर पर्लच नव्याने बांधावं लागे. ओरॅकल डेटाबेसशी बोलणारं पर्ल हवं, तर ‘ओरापर्ल’ नावाचं वेगळं पर्ल. सायबेसशी बोलायचं, तर ‘सायबपर्ल’ नावाचं आणखी वेगळं. दोन्ही डेटाबेस एकाच स्क्रिप्टमध्ये हवे असतील तर दोन्ही घालून तिसरं पर्ल घरी बांधा. म्हणजे एकेका कामासाठी अख्खं स्वयंपाकघर पाठीवर.

ऑक्टोबर १९९४ मध्ये पर्ल ५ आलं आणि हे सुटलं. आता मॉड्यूल स्वतंत्र फाईलमध्ये ठेवता येऊ लागली, आणि सी भाषेतला भागही चालू पर्लला आयत्या वेळी जोडता येऊ लागला. टिम बन्स यांच्या पुढाकाराने डीबीआय हे मॉड्यूल आकाराला आलं. वर एकच दरवाजा, आणि खाली ओरॅकल असो की सायबेस, आपापला जोड लावायचा.

मॉड्यूल वेगळी झाली म्हणून ती ठेवायला जागा लागली, आणि त्यातून सीपॅन उभं राहिलं. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी आधीपासून सीटॅन नावाचा असाच संग्रह होता, त्यावरून हे नाव सुचलं. फिनलंडमधल्या फुनेट या संस्थेच्या सर्व्हरवर यार्को हिएतानिएमी यांनी त्याचा मुख्य साठा ठेवला आणि २६ ऑक्टोबर १९९५ ला जाहीर केला. जगभरच्या सर्व्हरांनी त्याच्या प्रती ठेवल्या. चार वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, लिनस टॉरवाल्ड्सचं लिनक्सही पहिल्यांदा याच फुनेटवर ठेवलेलं होतं.

१९९७ मध्ये पर्लची ५.००४ आवृत्ती आली तेव्हा कोएनिग यांनीच लिहिलेलं एक मॉड्यूल पर्लसोबतच मिळू लागलं. त्याचं काम एवढंच, की मॉड्यूलचं नाव सांगा, ते सीपॅनवरून उतरवतं, त्याला जे लागतं तेही उतरवतं, त्याला जे लागतं तेही. विहिरीला रहाट बसला. ज्याच्याकडे चांगलं कनेक्शन होतं, त्याच्यासाठी शिदोरीचा विषय जवळपास मिटला.

गिरणी नसलेलं गाव

ज्याच्याकडे नव्हतं, त्याच्यासाठी मिटला नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात लिनक्स शिकणाऱ्या पोरांना ते मिळायचं मासिकासोबत येणाऱ्या सीडीतून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या अशा सीडी हातोहात फिरायच्या. सीडीत जेवढं आलं तेवढं आपलं. त्यात नसलेलं मॉड्यूल हवं असेल तर ज्याच्याकडे नेट आहे असा कोणी शोधा.

दुसरी अडचण कनेक्शनच्याही पलीकडची होती. सीपॅनवरून येतो तो कच्चा माल. ज्या मॉड्यूलमध्ये सी भाषेतला भाग असतो, ते म्हणजे दळायचं धान्य. ते आपल्या मशीनवर कंपाइल करावं लागतं, म्हणजे गावात गिरणी हवी. युनिक्स मशीनवर कंपाइलर बहुधा असायचाच. विंडोजवर मात्र नसायचा, आणि आपल्याकडची बहुतेक ऑफिसं विंडोजवर होती. अ‍ॅक्टिव्हस्टेट कंपनीने यावर आयतं पीठ विकावं तसा उपाय काढला. त्यांच्या पीपीएम या सोयीतून विंडोजसाठी आधीच कंपाइल केलेली मॉड्यूल मिळायची. नंतर आलेल्या स्ट्रॉबेरी पर्लने गिरणीच सोबत दिली. पर्लच्या त्या संचात कंपाइलरही घातलेला असतो.

तरी एक माणूस उरतोच. ज्याला पर्लशी काही देणंघेणं नाही, फक्त स्क्रिप्टचं काम हवंय. साखर कारखान्याच्या ऑफिसातला, ऊस बिलांची फाईल एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेणारा कारकून घ्या. त्याला ‘आधी पर्ल टाका, मग ही अकरा मॉड्यूल टाका’ असं सांगणं म्हणजे काम नाकारण्यासारखंच. त्याला एक फाईल हवी, जिच्यावर डबल क्लिक केलं की काम व्हावं.

तैवानहून आलेला डबा

त्या माणसासाठी २००२ साली तैवानमधल्या एका प्रोग्रामरने ‘पार’ नावाची गोष्ट बनवायला घेतली. जावा भाषेत सगळ्या फाईली एका ‘जार’ फाईलमध्ये बांधायची पद्धत होती, त्याच चालीवर पर्लसाठी हे ‘पार’. प्रोग्रामरचं नाव ऑड्री टँग. २०१६ मध्ये त्या तैवान सरकारच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या पहिल्या डिजिटल मंत्री झाल्या.

पारसोबत ‘पीपी’ नावाचं अवजार आलं. त्याला स्क्रिप्ट दिली की ते मॉड्यूल गोळा करतं आणि खुद्द पर्लसकट एकच चालणारी फाईल करून देतं. समोरच्या मशीनवर पर्ल नसलं तरी चालतं. पहिल्यांदा चालवली की ती फाईल आपल्या पोटातलं सामान एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. म्हणून पहिली वेळ हळू, पुढच्या वेळा भराभर.

पण शिदोरीत काय काय लागेल हे कळणार कसं? पीपी स्क्रिप्ट वाचतं, ती ज्यांची नावं घेते ती मॉड्यूल घेतं, मग त्या मॉड्यूलना जे लागतं ते घेतं. ओळीत लिहिलेलं सापडतं. जे चालता चालता ठरतं, म्हणजे ‘फाईल कुठल्या प्रकारची आहे ते बघून मग त्या प्रकारचं मॉड्यूल बोलवा’, ते वाचून कळत नाही. मग ती फाईल आपल्या मशीनवर नीट चालते, कारण इथे ते मॉड्यूल आधीपासून असतं. दुसऱ्या गावात पोचली की अडते. म्हणून बांधलेली फाईल कोऱ्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय देऊ नये, हा त्या काळचा पाठ आजही लागू आहे. शिवाय विंडोजवर बांधलेला डबा विंडोजवरच उघडतो आणि लिनक्सवरचा लिनक्सवर, कारण आत पर्ल आणि कंपाइल केलेले भाग त्या-त्या जातीचे असतात.

२०१० च्या सुमारास मॅट ट्राऊट यांनी याहून हलका उपाय दिला, ‘फॅटपॅकर’. समोर पर्ल आहे, फक्त मॉड्यूल नाहीत, अशा ठिकाणासाठी. फॅटपॅकर आधी स्क्रिप्ट कंपाइल करून बघतो की कुठली मॉड्यूल खरोखर उघडली. मग त्यांचा सगळा मजकूर उचलून स्क्रिप्टच्याच डोक्यावर चिकटवतो. आणि शोधायच्या यादीत, त्या अ‍ॅट-इन्कमध्ये, एक चिठ्ठी घालतो की बाहेर फोल्डरांत फिरण्याआधी इथे, या फाईलच्या पोटात बघ. पर्लला फरकसुद्धा कळत नाही. सी भाषेतला भाग असलेलं मॉड्यूल मात्र यात बसत नाही. भाकरी-चटणी बांधता येते, जातं बांधता येत नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे जपानी प्रोग्रामर तात्सुहिको मियागावा यांचं ‘सीपॅनमायनस’. सीपॅनवरून मॉड्यूल उतरवून घेण्याचं हे छोटं अवजार २०१० मध्ये आलं आणि लोकांनी ते लगेच उचललं. त्याला स्वतःला बरीच मॉड्यूल लागतात, आणि ती सगळी फॅटपॅकरने त्याच्या एकाच फाईलमध्ये बांधलेली आहेत. विहिरीवर पाणी भरायला जाणाऱ्यानेही वाटेपुरतं पाणी सोबत नेलेलंच बरं.

शिळी झालेली शिदोरी

इथवर वाचून वाटेल की बांधून नेणं केव्हाही चांगलं. तर पुढची गोष्ट ऐका.

२००० च्या दशकात ‘मॉड्यूल-इन्स्टॉल’ नावाचं एक अवजार लोकप्रिय झालं. मॉड्यूलच्या लेखकाने ते वापरलं की ते स्वतःची एक प्रत लेखकाच्या संचातच, ‘इन्क’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. हेतू चांगला होता. घेणाऱ्याच्या मशीनवर हे अवजार असो वा नसो, संच आपला आपण बसावा. लेखकांनी असे ढीगभर संच सीपॅनवर चढवले. प्रत्येकाच्या पोटात त्या अवजाराची त्या-त्या दिवशीची प्रत.

हे चालायचं कारण पर्लच्या शोधयादीत शेवटी एक टिंब असायचं. टिंब म्हणजे ‘आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभा आहेस तिथेही बघ’. सोयीचं, पण धोक्याचं. कुणी एखाद्या सामाईक फोल्डरमध्ये ओळखीच्या नावाची घातक फाईल ठेवली आणि तुम्ही तिथे उभं राहून दुसरंच काही चालवलंत, तरी ती फाईल चालू शकते. म्हणून मे २०१७ मध्ये आलेल्या पर्ल ५.२६ ने ते टिंब काढून टाकलं.

आणि त्याबरोबर असे ढीगभर जुने संच बसेनासे झाले. त्यांच्या पोटातली प्रत टिंबावर विसंबून होती. अवजाराची दुरुस्त आवृत्ती आली, पण दुरुस्ती विहिरीत झाली, आधीच बांधून ठेवलेल्या शिदोऱ्यांत ती कशी पोचणार? प्रत्येक लेखकाने आपला संच उघडून, नवी प्रत घालून, पुन्हा चढवायला हवा होता. काहींनी ते केलं. काहींनी पर्ल सोडून वर्षं झाली होती. काही कधीच करू शकणार नव्हते. जुना धोका पत्करून पुढे जाण्यासाठी एक पळवाट ठेवलेली होती, तिच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द आहे.

कशाला काही लागू नये म्हणून जे बांधलं होतं, तेच लागलं.

हे पर्लपुरतं नाही. मार्च २००२ मध्ये झेडलिब या फाईल आवळणाऱ्या छोट्या लायब्ररीत सुरक्षेची एक खोट सापडली. दुरुस्ती सोपी होती. अवघड होतं ते शोधणं, कारण असंख्य प्रोग्रामनी झेडलिबची प्रत आपल्या पोटात घेतलेली होती आणि कुणाकुणाच्या पोटात आहे याची यादी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉग-फोर-जे या मॉड्यूलचं भगदाड उघडं पडलं तेव्हा तेच, कितीतरी मोठ्या आकारात. जारमध्ये जार, त्या जारमध्ये आणखी जार, आणि सगळ्यांत आत लॉग-फोर-जेची जुनी प्रत. जगभर माणसं दिवसरात्र डबे उघडून बघत होती. म्हणूनच डेबियन ही लिनक्स मंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत की दुसऱ्याच्या कोडची प्रत आपल्या संचात कोंबू नका, सगळ्यांनी एकाच सामाईक प्रतीवर यावं. खोट निघाली तर एका जागी बुजवता येते.

मग विहिरीकडेच जावं? २२ मार्च २०१६ ला विहिरीचाही प्रसंग आला. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या संग्रहात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं मॉड्यूल होतं. आकड्याच्या डाव्या बाजूला शून्यं किंवा मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. नावावरून झालेल्या वादात त्याच्या लेखकाने आपली सगळी मॉड्यूल काढून घेतली, आणि या अकरा ओळींवर विसंबलेली मोठमोठी कामं जगभर अडली. एनपीएमला ते मॉड्यूल परत ठेवावं लागलं. सीपॅनवरूनही लेखक आपलं मॉड्यूल काढू शकतो, पण सीपॅनमागे ‘बॅकपॅन’ नावाचा जुन्या मालाचा साठा आहे. तिथे काढून टाकलेलंही सापडतं. विहीर आटली तर मागे आड असावा, हे त्या लोकांनी आधीच ताडलेलं होतं.

घरचं म्हणून जे गृहीत धरतो तेही हलू शकतं. लिंकन स्टाईन यांचं सीजीआय हे मॉड्यूल १९९७ पासून पर्लसोबतच यायचं. वेबवर फॉर्म भरून घेणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट त्याच्यावर चालायच्या, आणि ते वेगळं मागावं लागतं हे कुणाच्या मनातही नव्हतं. २०१५ मध्ये पर्ल ५.२२ ने ते बाहेर काढलं. सीपॅनवर ते आजही मिळतं, पण न मागता मिळायचं बंद झालं.

कळंब्याचं पाणी

कोल्हापूरकरांना हा झगडा पाण्यावरून चांगला ठाऊक आहे. गारगोटी रस्त्यावरचं कळंबा आता शहराला जवळजवळ चिकटलेलं. तिथला तलाव संस्थानकाळातला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी त्यात साठतं. एके काळी कोल्हापूर शहर त्या पाण्यावर अवलंबून होतं, आणि आजही कळंबा गावाला आणि लगतच्या भागाला त्याचा आधार आहे. हा तलाव म्हणजे जवळ बांधून ठेवलेला साठा. मोजका. गाळ काढायची काळजी आपली, उन्हाळ्यात तळ दिसू लागला तर चिंता आपली.

शहर वाढलं, तलाव पुरेना, मग पंचगंगेचं पाणी उपसून आलं. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्यात गेली. शहराला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा आणि नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्ग बुडाल्यामुळे बाहेरून टँकर, दूध, पेट्रोल येणंही अडलं. पुढे २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून पन्नासहून अधिक किलोमीटरच्या थेट जलवाहिनीने पाणी शहरात आलं. मोठा साठा, स्वच्छ पाणी. पण दोर आणखी लांबला, आणि लांब दोराची देखभालही लांबलचक.

यातलं कुणीही चूक नाही. तलावाने शहराची तहान भागत नाही, आणि जलवाहिनी बंद पडली त्या दिवशी धरण कितीही भरलेलं असलं तरी उपयोग नाही. प्रत्येक ठिकाणी विचारायचे प्रश्न तेच. उगम किती लांब आहे? वाट किती वेळा तुटते? तुटली तर कुणाचं काय अडतं? आणि जवळ साठवलेलं खराब झालं, तर ते कळेल कुणाला?

त्या शेवटच्या प्रश्नावर पर्लवाल्यांचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. मियागावा यांनीच पुढे ‘कार्टन’ नावाचं अवजार केलं. रुबी भाषेतल्या ‘बंडलर’ वरून सुचलेलं. त्यात दोन याद्या असतात. पहिलीत तुम्ही हाताने लिहिता की मला काय हवंय. दुसरी कार्टन स्वतः करतं. नेमकं काय आलं, कुठल्या आवृत्तीचं, कुणासोबत कोण आलं, सगळं तपशीलवार. ही दुसरी यादी स्क्रिप्टसोबत जपायची. दुसऱ्या मशीनवर तीच यादी दाखवली की तंतोतंत तेच सामान बसतं. शिवाय हवं असेल तर कार्टन ते सगळं सामान एका फोल्डरमध्ये भरून देतं, म्हणजे जिथे नेट नाही तिथेही नेता येतं.

म्हणजे शिदोरी बांधा, पण डब्यात काय आहे, कुठून आणलं, कधी केलं, याची चिठ्ठी सोबत ठेवा. झेडलिबच्या आणि लॉग-फोर-जेच्या वेळी हीच चिठ्ठी नव्हती. आत खोट निघाल्याचं कळलं की चिठ्ठी बघून मिनिटभरात सांगता येतं, आपल्याकडे हा माल आहे की नाही. चिठ्ठी असेल तर शिदोरी पुन्हा ताजी करता येते. शिवाय ज्यांचं काम आपण बांधून नेतो त्यांचं नाव आणि त्यांच्या परवान्याच्या अटी सोबत न्याव्या लागतात. सीपॅनवरचं बरंचसं काम पर्लच्याच अटींवर मिळतं. फुकट आहे, पण बेवारस नाही.

खिशातला डबा

हे सगळं जुनं वाटत असेल तर हातातला फोन बघा. अँड्रॉइडचं अ‍ॅप एपीके नावाच्या एका फाईलमधून बसतं. ती आतून झिप फाईलच असते, ‘जार’ च्या आणि ‘पार’ च्या कुळातली. अ‍ॅप बनवणाऱ्याने दुसऱ्यांची लिहिलेली लायब्ररी त्यातच बांधून दिलेली असते. दहा अ‍ॅपना एकच लायब्ररी लागत असेल तर तिच्या दहा प्रती तुमच्या फोनमध्ये असतात. ‘स्टोरेज फुल’ च्या मागे तुमच्या फोटोंइतका नसला तरी याचाही हात आहे. ऑगस्ट २०२१ पासून गूगलच्या प्ले स्टोअरने नव्या अ‍ॅपसाठी वेगळा साचा सक्तीचा केला. लेखक सगळं सामान एकदा देतो, आणि तुमच्या फोनला लागेल तेवढाच वाटा तुमच्याकडे येतो. शिदोरी तीच, फक्त माणूस बघून वाढलेली.

अ‍ॅपचा अपडेट येतो तेव्हा ‘बग फिक्सेस’ एवढंच लिहिलेलं असतं. पुष्कळदा त्याचा अर्थ असा, की आतल्या कुणा तिसऱ्याच्या लायब्ररीत खोट निघाली होती, ती बदलून डबा पुन्हा बांधला. ज्या अ‍ॅपला दोन-तीन वर्षांत अपडेट नाही, त्याच्या डब्यात काय शिळं पडलंय हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

कळंबा हे नाव महाराष्ट्रात अनेकांना तलावाआधी तिथल्या मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असतं. कारागृहाच्या दारात आत जाणारी वस्तू तपासली जाते, तिची नोंद होते. ‘ओळखीच्या माणसाने दिलाय’ एवढ्यावर डबा आत जात नाही. बँकांचे, सरकारी कार्यालयांचे जे कॉम्प्युटर मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवतात, तिथे स्क्रिप्ट न्यायची तर बांधूनच न्यावी लागते, दुसरा मार्ग नसतो. आणि तिथल्या दारावरच्या माणसालाही हेच विचारायचं असतं की आत काय आहे, कुणाचं आहे, कधीचं आहे. १९९५ मध्ये दोर तोकडा होता म्हणून आपण बांधून नेत होतो. आज दोर हवा तेवढा लांब आहे, तरी बांधून नेणं संपलेलं नाही. फरक पडायला हवा तो एकाच गोष्टीत. पुढच्या वेळी कुणाला स्क्रिप्ट द्याल, किंवा कुणाची घ्याल, तेव्हा डब्यासोबत चिठ्ठी आहे का, एवढं विचारून घ्या.